पाणबुड्याचं खोकं

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीनं लिहून गेलो. खोडणार होतो, पण खोडलेलं घाण दिसतं आणि दुसरा कागद आणायला उठावंसं वाटत नाहीये, तेव्हा असू दे. तुझे फोन येतायत, मी घेत नाहीये. तुला वाटलं असेल, यानं ही पण नोकरी सोडली आणि गेला कुठंतरी उंडारायला. नोकरी आहे. मीही आहे. पण फोन घेतला की तू आधी विचारणार, 'भिंगरी, जेवलास का रे?' आणि तेवढ्यानं माझं डोकं निम्मं थंड होणार. मला ते थंड होऊ द्यायचं नाहीये. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून कागद. सातवीनंतर इतकं सलग मी कधी लिहिलेलं नाही. अक्षर जमेल तसं लावून घे. मजकूर मात्र नीट वाच.

मला कळलंय, ताई. बाबा अपघातात गेले नव्हते. मी पहिलीत होतो तेव्हा गेले नव्हते आणि तिसरीत होतो तेव्हाही नव्हते.

आता तू शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं असशील आणि विचार करत असशील की याला सांगितलं कुणी. भाऊजींचं नाव मनात आलं असेल तर त्यांना उगाच फैलावर घेऊ नकोस. त्या बिचाऱ्यांना स्वतःची चप्पल कुठं काढलीय ते सांगता येत नाही. सांगितलंस तूच. तूच ते खोकं कपाटावरून उतरवलंस, फडक्यानं पुसलंस, चारी बाजूंनी फोटो काढलेस आणि मला पाठवलेस. खाली लिहिलंस, 'नव्या दुकानासाठी पैशांची जमवाजमव चाललीय, बघ रे, याचं काही येईल का?'

काय आलं ते ऐक आता.

मी काय काम करतो ते तुला फुशारक्या मारत सांगून झालंय, पण तेव्हा तू 'हो का, हो का' करत तिकडे बटणं लावत होतीस हे मला ऐकू येत होतं, म्हणून पुन्हा सांगतो. एका फर्निचरच्या दुकानाखाली आमचं तळघर आहे. तिथं जुने व्हिडिओ गेम येतात. कुणाचा माळा रिकामा होतो, कुणाचा मुलगा मोठा होऊन घर सोडतो, कुणाचं दुकान बंद पडतं, की ती सगळी खोकी आमच्याकडे. मी ती पुसतो, बघतो, लावतो. मालकांना आम्ही 'हातमोजे' म्हणतो, कारण सुती हातमोजे चढवल्याशिवाय ते खोक्याला शिवत नाहीत आणि काढायचे विसरले की चहाचा कपही तसाच धरतात. त्यांनीच मला शिकवलं की गेम एक असला तरी खोकी एक नसतात. पहिल्या खेपेच्या खोक्याला मागे टांगायची पट्टी असायची, दुकानात हुकाला अडकवायला. पुढच्या खेपेत कंपनीनं ती उडवली. कंपनीचा शिक्का आधी गोल होता, मग लांबट झाला. एका खेपेत नाव पिवळ्यात, दुसरीत पांढऱ्यात. कारखान्यात चढवलेल्या प्लास्टिकचा सांधा पाठीवर मधोमध येतो, नंतर कुणी घरात बसून चढवलं असेल तर कडेला. आत कॅसेट तीच, खेळ तोच, आणि चांगली शिकलेली माणसं एका पट्टीसाठी एकमेकांचा गळा धरतात. एकदा आमच्या काउंटरवर दोन गृहस्थ शिक्का गोल की लांबट यावरून असे पेटले की हातमोज्यांनी दोघांना बसवून पाणी पाजलं. मला आधी हसू यायचं. मग माझेच डोळे तसे झाले. हल्ली बिस्किटाचा पुडा घेतला तरी मी आधी तो उलटा करून बघतो.

या सगळ्यात एक गोष्ट फार सोपी आहे. पूर्वी खोक्यावर हा गेम कितव्या वयापासून खेळावा ते छापत नसत. मग तसा नियम आला. नियम आला त्या वर्षी दुकानात पडून राहिलेल्या खोक्यांवर दुकानदारांनी वयाचे चौकोनी स्टिकर चिकटवले, प्लास्टिकच्या वरून. त्यानंतर कारखान्यातूनच तो चौकोन छापून यायला लागला, प्लास्टिकच्या आत. नियम कोणत्या वर्षी आला हे आमच्या तळघरात झाडू मारणाराही झोपेतून उठून सांगेल. झाडूही मीच मारतो. त्या वर्षी मी दुसरीत होतो.

आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे बाबा गेले ते मी पहिलीत असताना.

खोकं आलं तो दिवस तुला आठवत नाही असं म्हणू नकोस. मी तिसरीत. शाळेतून आलो तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि तू ते माझ्या हातात दिलंस. म्हणालीस, बाबांच्या कामावरच्या लॉकरमध्ये सापडलं, जायच्या आधीच तुझ्यासाठी घेऊन ठेवलं होतं, तिथल्या लोकांनी आत्ता पाठवलं. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तू सांगत होतीस. खोक्यावर निळं पाणी, त्यात पितळी टोप घातलेला पाणबुड्या, त्याच्या हातात दिवा आणि मागे अंधारात ऑक्टोपसचे दोन डोळे. पाठीवर आतल्या खेळाची चार छोटी चित्रं. मी तिथल्या तिथं प्लास्टिकला नख लावलं तर आई म्हणाली, गेम खेळायचं मशीन नाही घरात, उघडून काय करणार, नुसती धूळ जाईल. मशीन घेऊ पुढच्या वर्षी. मग ते पुढचं वर्ष दर वर्षी पुढंच राहिलं. मी खोकं कानाशी धरून हलवायचो. आत काहीतरी टकटक वाजायचं. मला वाटायचं बाबांनी काहीतरी आत ठेवलंय. आता रोज शेकडो खोकी हलवतो आणि सगळी तशीच वाजतात.

त्या दिवसांत तू गप्प होतीस. त्याच सुमारास एकदा किराणावाल्याकडे आपला फोन आला म्हणून तू गेली होतीस आणि येताना आईनं सांगितलेला साबण न घेताच परत आलीस. आईनं तुला चांगलंच झापलं. तू एरवी ऐकून घेणारी नव्हेस, पण नुसतं 'विसरले' म्हणालीस. मला वाटलं तेच मनाला लागलंय. मग खोकं आलं आणि तू एकदम खेळकर झालीस. पाठीवरच्या चार चित्रांवरून सगळा खेळ तूच बसवलास. पलंग म्हणजे बोट, फरशी म्हणजे समुद्र, तुझ्या शिवणक्लासची मोजपट्टी म्हणजे माझी हवेची नळी. तू ऑक्टोपस. जुन्या चादरीत पाय गुंडाळून सरपटत यायचीस, नळी ओढायचीस आणि मी बुडायला लागलो की हळूच सोडायचीस. रोज मीच जिंकायचो. मला वाटायचं, मशीनवाल्या पोरांकडे कुठं असा ऑक्टोपस असणार. आणि आता कळतंय. सगळं माहीत असताना सरपटत होतीस तू.

बरं, फोटो. पहिला फोटो आला तेव्हा मी कामावर होतो. प्लास्टिकवर आईच्या बटणांच्या डब्याचा गोल उमटलेला दिसला आणि डोळे भरून आले. हातमोजे म्हणाले, धुळीनं होतं असं, तोंड धुऊन ये. तोंड धुऊन आलो आणि मग धंद्याच्या नजरेनं बघितलं. शिक्का गोल. म्हणजे जुनी खेप, छान. खाली उजव्या कोपऱ्यात वयाचा चौकोन. माझ्या खांद्यावरून हातमोज्यांनीही बघितलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. नियम नवा आणि शिक्का जुना अशी खोकी फार थोडे दिवस निघाली, कंपनीनं लगेच शिक्काही बदलला. सील न फोडलेलं असं खोकं त्यांनी स्वतः फक्त एकदा बघितलंय म्हणे, तेही काचेच्या आड. ते आनंदानं हात चोळत होते. मी उभ्या उभ्या वर्षं जुळवत होतो आणि ती जुळत नव्हती.

आधी मनाची समजूत घातली. म्हटलं, स्टिकर असेल. बाबांनी आधीच घेतलेलं, लॉकरात पडलेलं, कुणीतरी चिकटवला असेल नंतर. कोण कशाला लॉकरातल्या खोक्यावर स्टिकर लावेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. म्हणून तर तुला सांगितलं की खोकं उजेडात ने, तिरकं धर आणि त्या कोपऱ्याचा जवळून फोटो काढ. तुला वाटलं किमतीसाठी. तू दुकानाबाहेर उन्हात गेलीस, एका हातात खोकं, दुसऱ्यात फोन, फोटोत तुझा खडूनं निळा झालेला अंगठापण आलाय. फोटो अगदी फर्स्टक्लास निघाला. उजेड प्लास्टिकवरून सरळ सरकत गेलाय. कुठं कड नाही, फुगवटा नाही. चौकोन आत आहे, छापलेला. पाठीवर सांधा मधोमध. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ते कुणी उघडलं नाही आणि बंद केलं नाही. तू हौसेनं, मन लावून, स्वतःचं खोटं उन्हात धरलंस आणि मला दाखवलंस. वर विचारलंस, 'अजून जवळून काढू का?'

तुम्ही दोघींनी घेतलं म्हणावं, तर घरात तेवढे पैसे कधीच नव्हते. मेलेला माणूस दुकानात जाऊन नवं कोरं खोकं विकत घेत नाही, ताई.

आईवर रागावून उपयोग नाही, ती ऐकायला नाही, म्हणून तिच्या वाट्याचंही तूच ऐकून घे. पहिलं खोटं तिचं असेल. तो परत येत नाही म्हटल्यावर तिनं त्याला मारून टाकलं असेल, ते मी समजू शकतो. पण खोक्याचं खोटं तुझं. ते तू तुझ्या तोंडानं सांगितलंस. दर परीक्षेच्या आधी मला भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर उभं करायचीस, बाबांना सांग की पेपर चांगला जाऊ दे. आई कधी त्या फोटोसमोर उभी राहिली नाही. ती त्याच्याकडे पाठ करूनच जेवायची, आणि मी मनात म्हणायचो, बिचारीला सहन होत नाही. सातवीत शाळा सुटली तेव्हा काय म्हणालात दोघी? घरात पुरुषमाणूस नाही, आता तूच. मी भाजीबाजारात क्रेट उचलले, गाड्या धुतल्या, रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासल्या. एका कामावर टिकेना म्हणून तू मला भिंगरी म्हणायला लागलीस. भिंगरी काय आपोआप फिरते? कुणीतरी चिमटीत धरून गरकन सोडून दिलेली असते. जिथं गेलो तिथं सांगत आलो की वडील नाहीत. एका मुकादमानं तर बिनबापाचं पोर म्हणून मला सावलीतलं काम दिलं होतं. त्या भल्या माणसाला मी फसवलं, तुझ्यामुळे.

आणि आई गेली तेव्हा. दवाखान्याच्या बाहेर त्या बाकावर बसून मी तुला म्हटलं, आता ती बाबांकडे पोचली असेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. बाकी सगळं एक वेळ गिळेन. ती मान कशी हलवलीस, ते सांग मला.

मी इतक्या लांब का आलो हे तू सगळ्यांना सांगतेस, पगारासाठी. पगारासाठी नाही. बाप इथं कामाला होता म्हणून आलो. आल्यावर पहिल्याच सुट्टीला मी गोदीवर गेलो होतो, तो जिथं वेल्डिंग करायचा तिथं. मला फक्त जागा बघायची होती. फोटो घेऊन गेलो आणि तिथल्या एका म्हाताऱ्या क्रेनवाल्या काकांना विचारलं, हे माझे वडील, हे जिथं अपघातात गेले ती जागा दाखवा. ते म्हणाले, इथं तसं कुणी गेलेलं नाही. आणि पुढं काहीतरी बोलणार होते. पण मला तू ओळखतेस. माणूस जिवानिशी गेला आणि तुम्हाला आठवतही नाही, असं ओरडून मी पाय आपटत निघून आलो. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. ते पुरं होऊ दिलं असतं तर तुझं खोकं बघायची वेळच आली नसती. तुझ्या फोटोंनंतर मी पुन्हा गेलो. काका क्रेनच्या पायाशी बसून डबा खात होते. मला बघून त्यांनी नुसता डबा बाजूला सरकवला, बसायला जागा केली आणि म्हणाले, "त्या दिवशीही हेच सांगत होतो. तू ऐकून घेईनास." मग त्यांनी मला पुलापलीकडच्या एका टायरच्या दुकानाचा पत्ता सांगितला. वरच्या मजल्यावर राहतो म्हणाले.

गेलो मी. जिन्यात रबराचा वास होता. दार त्यानंच उघडलं. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याला लगेच ओळखलं, रोज त्याचा फोटो बघत वाढलोय ना. फोटोतल्यापेक्षा उंचीनं कमी निघाला. आईचं नाव घेतल्यावर मात्र त्यानं दाराची चौकट धरली. मग मला आत नेलं, बसवलं, रडला. एका बाईनं चहा आणून ठेवला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. मी शिव्या तयार ठेवून गेलो होतो, जिना चढताना पाठ करत होतो. पण समोर कुणी राक्षस बसलेला असला तर शिव्या देता येतात गं. हा साधा माणूस, स्वेटरच्या बाहीला डोळे पुसणारा. मला म्हणाला, असं होऊन गेलं बघ. होऊन गेलं, जसं काही दूधच उतू गेलं. त्याच्यावर इतका राग आला की तुझ्यावरचा राग जरा वेळ विसरलो. पण जरा वेळच.

मग खोक्याचा विषय त्यानंच काढला. "मशीन इथं आणून ठेवलं होतं तुझ्यासाठी," म्हणाला. "टीव्हीखाली. म्हटलं कॅसेट आधी पाठवावी, म्हणजे पोरगं हट्ट करून येईल." ताई, इतकी वर्षं मला वाटायचं, आपला बाप खुळा होता, घरात मशीन नाही आणि नुसती कॅसेट घेऊन ठेवली. मी ते लोकांना प्रेमानं सांगायचो. खुळा नव्हता तो. मशीन तिकडे आणि कॅसेट इकडे, हे त्यानं विचार करून केलं होतं. पुढं सांगायला लागला की मी किराणावाल्याकडे फोन करून सगळं तुझ्या ताईला सांगितलं होतं, कायमचं इकडेच पाठवा त्याला, शाळेत घालतो, शिकवतो. आणि मग थोडं हसून, जशी एखादी जुनी गंमत सांगावी तसं म्हणाला, "ती मला विचारते, 'आणि मी?' मी म्हटलं, 'तू कशाला? तू आईजवळ हवीस.' तर फटकळ पोरीनं फोनच ठेवून दिला."

मला एकदम साबण आठवला.

त्याला काहीच कळलं नव्हतं. तो चहात बिस्किट बुडवत होता. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो आणि मला दिसत होतं, तू किराणावाल्याच्या दुकानातून घरापर्यंत चालत येतेयस, रिकाम्या हातानं, आणि दारात आई विचारतेय, साबण कुठाय. तेव्हा तुला कुणी विचारलं नाही की काय झालं. मी पण नाही. मी तुला ऑक्टोपस हो म्हणून ओढत होतो.

पण म्हणून सगळं माफ असं समजू नकोस. एक गोष्ट खरी सांगतो. मी गेलो असतो. तू निरोप दिला असतास तर खोकं बगलेत मारून धावत गेलो असतो, तुमच्या दोघींकडे वळूनही बघितलं नसतं. सात-आठ वर्षांच्या पोराला बाप आणि मशीन दोन्ही मिळत असताना तो बहिणीचा विचार करत नाही. तुला हे माहीत होतं म्हणून तू बोलली नाहीस. शाळा शिकलो असतो. क्रेट उचलले नसते. कदाचित त्याच्यासारखाच झालो असतो, तेही आहे. पण जे काय झालो असतो ते माझं मी ठरवलं असतं. ते तू तुझ्याकडे ठेवून घेतलंस आणि वर मोजपट्टी देऊन मला खेळवलंस. त्याचा राग आहे आणि तो आजउद्या जाणार नाही. तुला गरज होती हे कळलं म्हणून तो कमी होईल असं वाटलं होतं, पण नाही होत. तो एकीकडे आहे आणि साबण दुसरीकडे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. बोलता बोलता त्यानं कप खाली ठेवला आणि मला सरळ विचारलं, ताईनं निरोप दिला नव्हता का तुला? खोकं मिळालं नव्हतं का? मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. इतकं खोटं ऐकून गेलो होतो की निदान मी तरी खरं बोलणार होतो. पण निघालं ते असं. म्हटलं, "निरोप दिला होता तिनं. खोकंही आलं. मलाच यायचं नव्हतं. मी ते उघडलंसुद्धा नाही." त्यानं उरलेलं बिस्किट बशीत परत ठेवलं. फोटोतला माणूस इतका लहान होऊ शकतो असं मला वाटलं नव्हतं. पण त्याचा पुरता विश्वास बसलेला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आई गेल्याचं मीच सांगितलं, त्यावर म्हणाला, आता निदान पोरीला भेटून यावं. नको म्हणून सांगून बघितलं, ऐकत नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटी तुझ्या दारात येईल. तुलाही तो हेच विचारणार आहे, तेव्हा मी जे बोललो तेच तू बोलायचंस. निरोप दिला होता, त्यालाच यायचं नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस, तुझी सवय आहे जास्तीचे टाके घालायची. खोकं विकू नकोस. हातमोजे रोज विचारतात, मी सांगितलंय, मालकीण देत नाही. नव्या दुकानाचं आपण दोघं मिळून काहीतरी बघू. तो येऊन जाईपर्यंत फोन करू नकोस. नंतर कर आणि मग विचार जेवलास का ते. सध्या खोकं कपाटावर होतं तिथं ठेव, वर बटणांचा डबा ठेव. तो आला की त्याच्यासमोर उतरव आणि त्याला बघू दे की प्लास्टिक कुठंही फाटलेलं नाही. हवं तर हातात दे. पण उघडू देऊ नकोस.

तुझाच, राग धरून असलेला,
भिंगरी